कृष्णेने वर, वेण्णेने खाली: सातारा-वाई भागात तीन दिवस सायकलवर

प्रश्न थोडक्यात असा. पन्नाशीच्या आसपासचे दोघे मित्र पुण्याहून रेल्वेने सायकली घेऊन साताऱ्याला उतरणार आहेत. एकाकडे बारीक टायरची रोड सायकल, दुसऱ्याकडे हायब्रिड. हाताशी तीन दिवस. महामार्ग नको, पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी नको. रस्ता शांत हवा आणि वाटेत जुनी देवळं, घाट, वाडे बघायचेत. शेवटी विचारलंय, "दिवसाला शंभर किलोमीटर सहज होतात आमचे, तेवढ्यात काय काय बसेल?"

आधी त्या शंभराचं बघू. इथे शंभर करू नका. मी या भागात बावीस वर्षं सायकल चालवतोय, त्यातली बरीच पाहुण्यांना घेऊन, आणि शंभरचा बेत करून आलेल्यांनी लिंबची विहीर वरून वाकून बघितली आणि पुढे निघाले, हे मी किती वेळा पाहिलं त्याची मोजदाद नाही. दिवसाला पंचेचाळीस ते पासष्ट धरा. उरलेला वेळ पायऱ्या उतरण्यात आणि चढण्यात जातो, आणि पायऱ्या इथे खूप आहेत.

आता रस्ता. नकाशात साताऱ्याच्या वरच्या अंगाला दोन नद्या दिसतील. कृष्णा आणि वेण्णा, दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा धोम, वाई, भुईंज, लिंब असा मोठा वळसा घेऊन येते, वेण्णा मेढ्यावरून सरळ खाली उतरते आणि साताऱ्याच्या पूर्वेला माहुलीला दोघी भेटतात. तुमची गाडी ज्या सातारा स्टेशनात थांबते ते शहरात नाही, शहराबाहेर माहुलीच्याच बाजूला आहे. रिक्षावाले याबद्दल प्रवाशांच्या शिव्या खातात, सायकलवाल्याला मात्र हे वरदान आहे. म्हणजे संगमावरून निघायचं, कृष्णेच्या काठाने वर जायचं, मधली डोंगराची धार ओलांडायची आणि वेण्णेच्या काठाने परत संगमावर यायचं. या भागातलं जुनं बांधकाम बहुतेक सगळं पाण्याला धरून आहे: घाट, विहिरी, संगमावरची देवळं, नदीकाठचे वाडे. महामार्ग पाण्याचा विचार न करता सरळ गेलाय. त्यामुळे कुठल्याही फाट्यावर अडलात तर "नदीकडचा रस्ता कुठला?" एवढंच विचारा. शांत रस्ताही तोच निघतो आणि बघण्यासारखं जे असतं तेही त्याच रस्त्यावर.

पहिला दिवस, माहुली. सकाळी उतरलात तर शहराकडे वळूच नका, आधी संगमावर जा. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. समोरच्या काठावर क्षेत्र माहुली आणि रामेश्वर. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. महाराणी ताराबाईंची समाधी इथे आहे आणि साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही आहे. वाघापासून महाराजांना त्याने सावध केलं अशी गोष्ट सांगतात. पाहुण्यांना खंड्याची समाधी फार आवडते, राजेराण्यांच्या समाध्या बघून झाल्या की सगळे त्याचीच चौकशी करतात. नदी भरलेली असेल तर काही बांधकाम पाण्यात असतं, तेव्हा जे दिसेल ते बघा आणि निघा.

माहुलीहून लिंबपर्यंतचा पट्टा या तीन दिवसांतला सगळ्यात कंटाळवाणा. वाढे फाट्याच्या पुढे महामार्गाची संगत काही काळ टळत नाही. सेवा रस्ता आहे तिथे तो धरा, नाही तिथे पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहा आणि दोघं एकामागे एक चला, गप्पा नंतर. पलीकडे जायचं असेल तर पुलाखालची वाट शोधा. दुभाजकावरून सायकल उचलून नेणारे लोक मी पाहिलेत, ते जिवानिशी वाचलेही आहेत, पण तो हिशेब रोज जमत नाही. लिंबचा फाटा आला की आवाज मागे राहतो. उसाच्या मळ्यांमधून रस्ता आत जातो आणि दोन-चार मिनिटांत स्वतःच्या साखळीची करकर ऐकू यायला लागते. तेल घातलंय की नाही ते मला तिथेच कळतं.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीला किमान दीड तास द्या. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी ती बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. आमराईला पाणी द्यायला ही विहीर बांधली. शेताला पाणी पाजायच्या विहिरीवर एवढं कोरीव काम कशाला केलं असेल, हा प्रश्न तुम्हाला पडेल, मला अजून पडतो. ती अष्टकोनी आहे, साधारण पन्नास फूट रुंद आणि एकशेदहा फूट खोल. वरून बघितलं तर एवढंच दिसतं. जिन्याने उतरा. बाहेर ऊन रणरणत असलं तरी निम्म्या पायऱ्यांवर अंगावरचा घाम गार पडतो. मुख्य विहीर आणि तिच्या शेजारची छोटी विहीर यांच्या मधोमध, पाण्याच्या वर, चक्क एक दालन आहे. खांब, कोनाडे, बसायची जागा, भिंतींवर हत्ती, घोडे, सिंह. तिथे राजेलोक खलबतं करायचे असं गावात सांगतात. दुपारच्या उन्हात बोलायला साताऱ्याच्या आसपास याहून गार जागा सापडणार नाही, तेव्हा मला ते खरं वाटतं.

मग वर या आणि काठाने फिरा. मोट कशी चालायची हे माहीत असेल तर ही विहीर दुप्पट कळते. बैलजोडी विहिरीपासून उताराकडे चालत जायची, त्या उताराला धाव म्हणतात. जाड नाड्याने कातडी मोट वर यायची, बारीक सोंदुराने तिची सोंड धरलेली असायची. मोट थारोळ्यावर आली की सोंड मोकळी व्हायची आणि पाणी भडाभडा ओतलं जायचं. मग बैल मागच्या पावलांनी परत यायचे. दगडी काठावर जिथे दोर घासले गेले तिथल्या खाचांत बोट घालून बघा. आत गुळगुळीत आहे, काचेसारखं. इतकी वर्षं दोराने दगड कापलाय. विहीर बारा मोटेची म्हणतात, पण मोटा बसवायच्या जागा मोजल्या तर पंधरा भरतात. मी पाहुण्यांना आधी आकडा सांगत नाही, मोजायला लावतो. दरवेळी भांडणं होतात.

लिंबजवळच गोवे गावाच्या बाजूला नदीपात्रात कोटेश्वराचं देऊळ आहे. डबा बरोबर असेल तर तो तिथे उघडा. त्याच पट्ट्यात पुढे मर्ढे. बा. सी. मर्ढेकरांचं मूळ गाव हेच. त्यांचा जन्म खानदेशात फैजपूरला झाला, पण आडनाव इथलं. कविता पाठ असेल तर म्हणा, नसेल तर पाटी बघून पुढे चला, सायकल थांबवून बघण्यासारखं फार काही नाही.

मर्ढ्यानंतर दोन पर्याय. दम असेल तर भुईंजहून पूर्वेला, चंदन-वंदन या जोड किल्ल्यांच्या पायथ्याकडे किकलीला जा. भैरवनाथाच्या जुन्या दगडी देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड आहेत, एक-दोन नव्हेत, रांगाच. वीरगळ कधी नीट बघितला नसेल तर खालून वर वाचा. सगळ्यात खाली पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गुरं सोडवताना गेला. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, बाजूला चंद्र-सूर्य. एकदा हे कळलं की उरलेल्या दिवसांत प्रत्येक गावाच्या वेशीवर, पिंपळाच्या पारावर, कधी शेंदूर फासलेले असे दगड दिसायला लागतात, आणि मग सायकलचा वेग आपोआप पडतो. दुसरा पर्याय, दम नसेल तर पाचवडहून सरळ वाई. हा रस्ता वाहता आहे, पण महामार्गासारखा अंगावर येत नाही. डावीकडे वैराटगड सोबतीला असतो. वाटेत बावधन लागतं. रंगपंचमीला इथे बगाडाची यात्रा असते. तुमचा बेत फाल्गुनात येत असेल तर तेवढी तिथी बघून घ्या. यात्रा बघायची असेल तर सायकल वाईत ठेवून चालत या. सायकल घेऊन त्या गर्दीत शिरलात तर ना यात्रा दिसेल ना रस्ता.

सुरूरहून वाईत येणारा रस्ता मी मुद्दाम टाळलाय. त्यावरच्या जुन्या वडांची कमान देखणी आहे, फोटोही सुंदर येतात. पण पुण्या-मुंबईची सगळी पाचगणीकडची वाहनं त्याच कमानीखालून जातात. शनिवारी सकाळी तिथे सायकल चालवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मधोमध चटई टाकून झोपणं.

वाईत दोन रात्री मुक्काम करा, खोली बदलू नका. संध्याकाळी ढोल्या गणपतीला सगळेच जातात, तुम्हीही जाल. देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. मूर्ती बघून झाली की देवळाच्या मागे जा, तिकडे फारसं कोणी जात नाही. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी त्या टोकावर येऊन दुभंगावं आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. अडीचशे वर्षं पूर येतात आणि देऊळ उभं आहे. ज्याने हे योजलं त्याला नदी कळली होती. वाईचे घाट सात, प्रत्येकाची आळी वेगळी आणि प्रत्येक आळीचा आपल्या कृष्णाबाईच्या उत्सवाबद्दलचा अभिमान वेगळा. प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मराठी विश्वकोश हेही सगळं याच गावातलं. अफझलखान १६५९ मध्ये आला तेव्हा त्याचा तळ वाईलाच होता. त्याआधी तो इथला सुभेदारही होता. एका संध्याकाळी एवढं पुरे.

दुसरा दिवस माझ्या मते या सफरीचा गाभा आहे, आणि तो उजाडायच्या आत सुरू झाला पाहिजे. मेणवली वाईहून तीनच किलोमीटर. दहा वाजता गेलात तर चित्रपटांतला घाट बघायला आलेल्या गाड्या लागलेल्या असतात. साडेसहाला गेलात तर घाटावर फक्त धुणं आणि बगळे. भवानराव पंतप्रतिनिधींनी १७६८ मध्ये हे गाव नाना फडणवीसांना दिलं. नानांनी इथे सहा चौकांचा वाडा, नदीवर घाट आणि देवळं बांधली. याच वाड्यातले कागद इतिहासाच्या अभ्यासकांत मेणवली दफ्तर म्हणून ओळखले जातात. घाटावर एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन बघा: तिच्यावर बाळ घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या चर्चांच्या घंटा देशावर आल्या, त्यातली ही एक. कृष्णेच्या काठावर, शंकराच्या शेजारी, पोर्तुगीज घंटा. बिनबोभाट नांदतेय.

घाटाबद्दल एक सूचना, माझ्या गुडघ्याने दिलेली. रोड सायकलच्या बुटांखाली पेडलला अडकवायचे क्लीट असतात आणि शेवाळलेल्या घडीव दगडावर क्लीट म्हणजे बर्फावर चाक. पहिल्या वर्षी मी ऐटीत उतरलो आणि चौथ्या पायरीवरून सरळ पाण्याच्या कडेला बसलो. धुणं धुणाऱ्या एक आजी हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "आरं लेकरा, घाटावर पायताण घालून कशापायी उतरायचं? देव हाय ना वर." तेव्हापासून हँडलच्या पिशवीत साध्या चपला असतात. विहिरीलाही त्याच लागतील, माहुलीलाही.

मेणवलीच्या समोर, पलीकडच्या काठाला भोगाव. वामन पंडितांची समाधी तिथे आहे. तिथे गर्दी म्हणून कधी नसते. यमकांसाठी शाळेत ज्यांचे श्लोक पाठ केले ते इथे एवढे शांत पडलेत हे बघून बरं वाटतं.

धोम वाईपासून आठेक किलोमीटर. गावातलं नृसिंहाचं आणि शंकराचं देऊळ एकाच आवारात. शंकरासमोरचा नंदीमंडप कासवाच्या पाठीवर आहे आणि कासव कुंडात. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन पोहत चाललंय असं दिसतं. पाणी नसलं तर ते नुसतं दगडी कासव, म्हणून पावसाळा सरताना गेलेलं चांगलं. धौम्य ऋषींवरून गावाचं नाव पडलं असं सांगतात.

इथून पुढे धोम धरणाच्या जलाशयाच्या काठाचा रस्ता आणि तुम्ही विचारलेली शांतता. एका बाजूला पाणी, पलीकडे कमळगड, मागे पांडवगड, उत्तरेला केंजळगडाचा कातळ आणि त्याच्या शेजारी रायरेश्वराचं पठार. रस्ता चढतो आणि उतरतो, पण घाट असा नाही. शे-पन्नास फुटांच्या उड्या आहेत, त्या मोजत बसलात तर दमाल. पुढे बलकवडी धरण आणि दरीच्या टोकाला जोर, म्हणजे महाबळेश्वरच्या पठाराच्या पायाशी. तिथे रस्ता संपतो. जोरपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. मी बहुतेक वेळा निम्म्यातून, जिथे पाणी अगदी रस्त्याला लागतं तिथून परततो. उन्हं कलली की तोच रस्ता उलट दिशेने वेगळा दिसतो. कमळगड चढायचा असेल तर पायथ्याच्या नांदगण्याला किंवा वासोळ्याला सायकल ओळख करून एखाद्या घरात ठेवा. वर कावेची विहीर आहे, भिंती लालभडक, आत गारवा. पण तो अख्खा दिवस आहे, या बेतात नको.

शांत रस्ता ओळखायची माझी एक खूण आहे. रस्त्यावर काय वाळत घातलंय ते बघायचं. ऑक्टोबरात आतल्या गावांत लोक सोयाबीन सरळ डांबरावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळणी फुकट व्हावी म्हणून. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन आणि मधोमध कुत्रं झोपलेलं असेल तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. फक्त त्या शेंगांवरून वळण घेऊ नका, सायकल सरळ ठेवा, ब्रेक लावू नका. शेंगा टायरखाली गोट्यांसारख्या फिरतात. आणि दाणे तुडवले म्हणून कोणी ओरडत नाही, तुमच्या चाकांनी उलट त्यांचं कामच होतं. वजन कमी पडतं म्हणून हसतात तेवढं.

मोबाईलच्या नकाशावर मात्र फार विसंबू नका. तो इथे दोन चुका हमखास करतो. पाणंद, म्हणजे शेतांमधली गाडीवाट दिसली की तिला रस्ता समजतो, आणि धोमच्या डाव्या-उजव्या कालव्याच्या कडेची कच्ची वाट दिसली की तिच्यावर घालतो. कालव्याची वाट दिसायला मोहक, सपाट, झाडांची. पण खडी मोठी आणि बाभळीचे काटे रास्त दरात. हायब्रिडवाला निघेल, रोड सायकलवाल्याने नाद करू नये. एका पाटाच्या वाटेवर मी एका तासात तीन पंक्चर काढलेत, तिसऱ्याला जोड संपले होते आणि पुढचे सहा किलोमीटर सायकल खांद्यावर नाही तरी हातात होती. तेव्हा टायर निदान २८ मिलिमीटर रुंदीचे घाला, जमलं तर ३२ चे. आणि हवा ठासून भरू नका. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरात पासष्ट-सत्तर पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ होते. गावातलं डांबर म्हणजे ठिगळांचं गोधडं, शंभर पीएसआयवर दात वाजतात. दोन ट्यूब, जोड, टायर काढायच्या पट्ट्या आणि चिमटा. चिमटा काट्यासाठी. काटा टायरातच मोडून राहतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते, हे लोक विसरतात.

तिसरा दिवस. वाईहून पाचवड, तिथून पश्चिमेला कुडाळ. ही कुडाळी नदीची दरी, तीही पुढे कृष्णेलाच मिळते. वैराटगड आता दुसऱ्या अंगाने दिसतो, आणि परवा आपण पाहिलेला डोंगर तोच का असा संशय येतो. इथून जावळी तालुका. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतली ती जावळी. पण डोळ्यांसमोर जे घनदाट खोरं असतं ते याच्या बरंच पश्चिमेला, महाबळेश्वरच्या पलीकडे. इकडे शेतं, गुरं आणि आठवड्याचा बाजार. कुडाळहून मेढ्याला जाताना मधली धार आडवी येते. तीन दिवसांतला खरा चढ हाच. मागच्या गिअरला ३२ दात असतील तर बसून चढाल, २५ असतील तर उतरून ढकला, लाज कसली. माथ्यावर थांबलात तर मागे कुडाळीचं खोरं, पुढे वेण्णेचं. सफर कुठे वळते ते इथे डोळ्यांना दिसतं.

मेढ्यात चहा घ्या, कारण यानंतर उतार लागतो आणि थांबायचं मन होत नाही. महाबळेश्वरहून केळघर घाटाने उतरणारी वाहनं याच रस्त्याला लागतात, पण वाई-पाचगणीच्या मानाने ती थोडी. तरी रविवारी दुपारनंतर इथे असू नका. तुमचा बेत शुक्रवार-शनिवार-रविवार असेल तर मी एक दिवस पुढे ढकलून शनिवार-रविवार-सोमवार करा म्हणेन. सोमवारी सकाळी मेढा रस्त्यावर शाळेची मुलं, दुधाच्या गाड्या आणि एसटी, बस्स. पुढे कण्हेर धरणाचं पाणी, मग सातारा. शहरात शिरायचं नसेल तर बाहेरून माहुलीकडे, आणि परत संगम. पहिल्या दिवशी जिथून कृष्णा धरली तिथे वेण्णा तुम्हाला आणून सोडते. कंदी पेढे घ्यायला मात्र शहरात जावं लागेल, त्याला इलाज नाही.

केव्हा यायचं हेही विचारायला हवं होतं, कारण इथे रस्त्यापेक्षा महिना महत्त्वाचा. माझं मत सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होईपर्यंत. पाऊस ओसरलेला, ओढे वाहते, डोंगर हिरवे, कासव पोहतंय. फक्त तेव्हा कासच्या फुलांचा हंगाम असतो, म्हणून साताऱ्याहून कासकडचा रस्ता शनिवार-रविवार विसरा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की भुईंज, पाचवड, लिंब या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा बहुधा नाही, आणि दोन्ही बाजूंनी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, रस्त्यावर झाडू मारत चाललेलं. त्यांना ओव्हरटेक करायची घाई नको. दुसरी ट्रॉली वळणावर आत येते हे ट्रॅक्टरवाल्याला दिसतच नाही. माझा नियम साधा: हंगामात अंधार पडायच्या आत मुक्कामाला. एकदा मोडला, तर समोरच्या ट्रॉलीतून निसटलेली मोळी चुकवायला उसात घुसावं लागलं. सायकलचा हँडल वाकडा, मी धड, आणि ट्रॅक्टरवाल्याने थांबून दोन कांडी हातात ठेवली, भरपाई म्हणून.

हिवाळ्यात ट्रॉल्या सोडल्या तर बाकी सगळं उत्तम. जानेवारीत सकाळी वाईच्या आसपास नदीवर धुकं, बोटं बधिर होतात, पातळ हातमोजे आणा. पुढे फेब्रुवारी-मार्चात शेताशेतांत हळद शिजवायच्या काहिली लागतात आणि तो ओला, मातकट वास रस्ताभर सोबत येतो. मळ्यात कोणी हात केला तर थांबा. भर पावसाळ्यात धोमच्या वरच्या दरीत जाऊ नका. पाऊस नुसता पडत नाही, कोसळतो, आणि डांबरावर शेवाळ धरतं.

कुत्र्यांची भीती असेल तर ती बाळगा, पण वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये ठेवा, चालत जा, आवाज मोठा. गावातलं कुत्रं चालणाऱ्या माणसाला ओळखतं, चाकाला नाही. दिवाळीच्या आगेमागे धनगरांची खांडं रस्त्याने जातात, तेव्हा घंटी वाजवून मेंढ्यांतून वाट काढू नका. कडेला पाय टेकून उभे राहा. पाच मिनिटं जातात, आणि शेवटचा घोडा, त्यावरची बिऱ्हाडाची पथारी, तिच्यावर बसवलेली कोंबडी हे सगळं जवळून बघायला मिळतं.

सज्जनगडाचंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. रस्ता चांगला, परळीतली जुनी देवळं बघण्यासारखी, पण चढ आहे आणि दिशा वेगळी. त्यासाठी चौथा दिवस काढा किंवा पुन्हा या.

आणि रोड सायकलवाल्या मित्राला आजच दुकानात पाठवा, टायर बदलायला. २३ चे असतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय.